गाणी पास करणारे आबासाहेब

कल्याणात त्या काळी कुठलंही नवं गाणं गणपतीपुढे जाण्याआधी आबासाहेब टिपणिसांच्या ओटीवर म्हणावं लागे. सरकारचा हुकूमच तसा होता. मेळ्याची पदं, तमाशाची कवनं, नाटकमंडळींची पुस्तकं, सगळं आधी ठाण्याच्या कचेरीत जायचं. तिथं त्याचं इंग्रजी व्हायचं, साहेब ते वाचायचा, आणि 'हरकत नाही' असा शेरा पडला की मग तोंड उघडायची मोकळीक. ते इंग्रजी करण्याचं काम आबासाहेबांकडे होतं. कचेरीत ते तर्जुमनीस होते. राहायचे मात्र कल्याणात, आमच्या तांबट आळीच्या तोंडाशी. सकाळच्या गाडीने ठाण्याला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

खरं म्हणजे कचेरीत कागद दिला की काम भागत असे. गाऊन दाखवायची अट सरकारची नव्हती, ती आबासाहेबांची स्वतःची. "तिथं जसं म्हणणार तसंच इथं म्हणा," असं ते सांगायचे. "नुसतं वाचून मला काय कळणार? कागदावर सगळीच गाणी गरीब दिसतात."

मी स्वतः गाणारा नव्हे. माझे वडील तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. आमच्या घराण्यात मराठी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं आणि मी बी. ए. झालो, हे मी संधी मिळेल तिथं सांगतो. त्या वेळी मुंबईला कॉलेजात होतो. गणपतीला घरी आलो की मेळ्यात झांजा धरायचो. झांजा वडिलांनी केलेल्या होत्या, तेव्हा मला नाही म्हणणं कोणाला जमत नसे. अशा रीतीने मी त्या ओटीवर मागच्या रांगेत पुष्कळ वेळा बसलो आहे, आणि हा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा आहे याचं मला तेव्हापासून कुतूहल लागलेलं आहे.

उंच, वाळका माणूस. पगडी खुंटीवर, उपरणं मांडीवर, आणि झोपाळ्यावर एक पाय दुमडून बसायचे. पोरं गायला लागली की उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर ताल धरायचं. शब्द अडला की बोट थांबायचं. चेहऱ्यावर काही दिसत नसे, म्हणून सगळा मेळा त्या बोटाकडे बघत गायचा. बोट थांबलं की गाणारा आपोआप थांबायचा. मग आबासाहेब म्हणायचे, "हां. मागची ओळ पुन्हा."

कान विलक्षण. सकाळी आळीत हातोडे सुरू झाले की कोणत्या घरी कोण ठोकतोय हे त्यांना घरात बसून कळायचं. एकदा गाडीला जाता जाता मला म्हणाले, "सखाराम, तुझ्या वडिलांचा खांदा दुखतोय का रे? दोन दिवस तिसरा ठोका उशिरा पडतोय." घरी येऊन विचारलं तर वडील म्हणाले, दुखतोय. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता.

या कानाचा त्रास सर्वांत जास्त त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकींना. त्या माझ्या आईला सांगत, "हे गाडीला गेल्याशिवाय मी जात्याला हात लावत नाही बाई. ओवी म्हटली की आतून ओरडतात, दुसऱ्या ओळीत दोन मात्रा कमी पडल्या. मात्रा मोजू की दळण करू?"

आणि ही मात्रांची खोड फक्त घरापुरती नव्हती. सरकारला नको असलेला शब्द आबासाहेब कापायचे, पण जागा रिकामी ठेवत नसत. तिथं मापात बसणारा दुसरा शब्द स्वतः घालून द्यायचे. "कापतो ते पगारासाठी," म्हणायचे, "पण गाणं लंगडं करून धाडायचं नाही. तसं करायला मला कोणी पगार देत नाही." त्यामुळे जिल्ह्यातल्या निम्म्या मेळ्यांच्या पदांत एखाददुसरा शब्द टिपणिसांचा असायचा. एका बाजीराव नावाच्या तमासगिराने तर त्यांना भर ओटीवर सांगितलं, "आबासायेब, तुमी आमच्या फडात या. पगार सरकारापरीस कमी, पन बिदागीला तोटा न्हाई." आबासाहेब बराच वेळ हसले. मग त्याच बाजीरावाच्या लावणीतलं अख्खं कडवं उडवलं.

आमच्या मेळ्यात गाणारा म्हणजे दत्तू गुरव. वडील देवळात चौघडा वाजवायचे, हा ठाण्याच्या सरकारी हायस्कुलात शिष्यवृत्तीवर शिकायचा. पदं स्वतः रचायचा आणि गळा असा, की म्हाताऱ्या बायका घराबाहेर येऊन उभ्या राहायच्या. एका वर्षी त्याने खाडीवरच्या मिठागरांचं पद केलं. मीठ पिकवायचं आमच्या लोकांनी, पण ते उचलायचं तर सरकारची परवानगी आणि वर कर. पद असं:

खाडि आमुची, ऊन आमुचे, मीठ कुणाचे हो?

चाल त्याने ठाण्याच्या किरिस्तावांच्या एका लग्नात ऐकली होती. फिडलवर वाजत होती म्हणे. ठसक्याची, पायात शिरणारी. ओटीवर पहिली ओळ संपायच्या आत आबासाहेबांचं बोट थांबलं.

"दत्तू, हा प्रश्न कोणाला?"

"कोणाला नाही. नुसताच प्रश्न आहे आबासाहेब."

"नुसत्या प्रश्नाचं इंग्रजी करता येत नाही रे. साहेब म्हणेल, उत्तर कुठाय." डोळे मिटून त्यांनी ओळ दोनदा पुटपुटली. "'कुणाचे' काढ, 'प्रभूचे' घाल. मीठ प्रभूचे हो. देवाचं नाव आलं, माप तेच राहिलं, साहेब खूश."

आबासाहेब जातीचे प्रभू. बाहेर पडल्याबरोबर पोरं म्हणाली, "घ्या! म्हाताऱ्याने मीठ ज्ञातीला देऊन टाकलं!" पण पद पास झालं. प्रत्यक्षात काय झालं, तर दत्तू 'प्रभूचे' म्हणायचा आणि समोरची गर्दी एका आवाजात 'कुणाचे' म्हणायची. मूळ शब्द आधीच गावभर झालेला होता. दोन दिवसांत पद बंद करण्याचा हुकूम आला, आणि त्याच्या मागोमाग मिरवणुकीत काठी, दांडपट्टा, लेझीम यांनाही मनाई.

यातल्या लेझमीवर मोठी भवती न भवती झाली. आखाड्याच्या लोकांनी अर्ज केला की लेझीम हे हत्यार नव्हे. साहेबाने तो अर्ज आबासाहेबांकडे टाकला आणि विचारलं, लेझीम हे हत्यार की वाद्य, नीट पाहून अभिप्राय द्या. झालं. रविवारी आबासाहेबांनी आखाड्यातून एक लेझीम आणवली. वाकवलेला दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. धोतराचा काचा मारून ते परसात उभे राहिले. आम्ही कुंपणापलीकडे गोळा झालो.

"अहो, काय आरंभलंय हे? लोक बघतायत!" काकी विहिरीवरून म्हणाल्या.

"बघू देत. सरकारी काम आहे."

वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. थोड्या वेळाने पगडीवाचूनचं डोकं घामाने चमकायला लागलं. मग लेझीम फिरकावून त्यांनी केळीच्या खांबावर एक तडाखा हाणला. खांबाला काही झालं नाही. आबासाहेब मात्र खांदा धरून पायरीवर बसले. काकींनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "लागला का शोध?"

"लागला. हत्यार असेल तर वापरणाऱ्यालाच लागणारं आहे."

तसाच अभिप्राय त्यांनी दिला, भाषा अर्थात कचेरीची. साहेबानेही विचार केला म्हणायचा. लेझमीला परवानगी दिली, पण साखळी काढून. कारण त्या आवाजाने गर्दी जमते. म्हणजे दांडा चालेल, खुळखुळ नको! त्या वर्षीच्या विसर्जनाला आखाड्याचे जवान मुक्या लेझमी घेऊन निघाले. तीच घाईची लय, त्याच पवित्र्यांनी बसणं-उठणं, आणि आवाज फक्त पावलांचा. रस्त्यावरची माणसं आधी हसली, मग गप्प झाली. माड्यांवरून लोक वाकून बघायला लागले. आबासाहेब आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. कोणाकडे न बघता म्हणाले, "हे साहेबाने बघायला पाहिजे होतं. आवाज काढून घेतला की माणसं जास्तच लक्ष देतात."

पुढे तेही बंद झालं. आखाडा ओस पडला. ज्यांना हौस होती ते सुटीच्या दिवशी खडवलीला नदीवर जाऊन साखळीची लेझीम खेळून येत, तिथं फौजदार नसायचा. बाकीचे तळ्याच्या काठी पत्ते कुटत बसू लागले. आबासाहेबांनी ही गोष्ट साहेबाच्या कानावर घातली. साहेब म्हणाला, पत्त्यांनी कोणाचं डोकं फुटत नाही. हे सांगून आबासाहेब माझ्याकडे पाहायचे, जणू मी कॉलेजात शिकतो तर याचं उत्तर मला येत असेल.

दुसऱ्या वर्षी दत्तूचं मॅट्रिकचं वर्ष होतं. सरकारी शाळेतली मुलं आक्षेपार्ह मेळ्यात गेलेली दिसली तर शिष्यवृत्ती जाईल, असा फतवा निघालेला. दत्तूने पद केलं ते गणपतीचं, शुद्ध सोवळं:

सोंड वाकडी, मूर्ति साजिरी, दे मज बुद्धी हो

ओटीवर त्याने ते आरतीच्या संथ चालीत म्हटलं. आबासाहेबांचं बोट एकदाही थांबलं नाही. शेवटी म्हणाले, "शब्द बरे आहेत. पण चाल यांना बसत नाही रे. पाय बांधल्यासारखे वाटतात."

"देवाचं पद आहे आबासाहेब," दत्तू म्हणाला. "संथच बरं."

त्यांनी कागदावर पास असं लिहिलं. मी त्या वेळी तिथं नव्हतो, चतुर्थीच्या दिवशी मुंबईहून आलो. मला सगळा बेत मेळ्यात उभं राहिल्यावर कळला. गणपतीपुढे पेटी सुरू झाली ती मिठाच्या पदाच्या चालीत. दत्तूने 'सोंड वाकडी' म्हटलं, आणि समोरच्या लोकांनी तोंड मिटून आतल्या आत कोणतं गाणं म्हटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिसऱ्या कडव्याला तोंडं मिटलेली राहिली नाहीत. बंद केलेलं पद गावाने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आणि आमचा मेळा त्याला 'दे मज बुद्धी हो' अशी साथ करत राहिला.

यातूनही दत्तू सुटला असता. चाल एकसारखी वाटली, योगायोग, असं म्हणता आलं असतं. पण मेळ्याची पदं छापून वाटायची आमची रीत, आणि पदाच्या डोक्यावर चाल कोणती ते छापायची त्याहून जुनी रीत. दत्तूने सवयीने कागद लिहून छापखान्यात दिला, छापखान्याने सवयीने छापला. फौजदाराच्या हातात जो कागद पडला त्यावर ठळक अक्षरात होतं: 'चाल – खाडि आमुची'. गुन्हा करताना त्याचा पत्ता छापून देणारी माणसं आमच्याशिवाय कुठं असतील असं मला वाटत नाही.

चौकशी ठाण्याला झाली. मला इंग्रजी कळतं म्हणून दत्तूचे वडील मला बरोबर घेऊन गेले. आम्ही कचेरीच्या पडवीत उभे होतो, दार उघडं होतं. साहेबाने फार काही विचारलं नाही. पद आबासाहेबांनी पास केलेलं, तेव्हा प्रश्न एवढाच होता: हे गाणं तुमच्यापुढे याच चालीत म्हटलं होतं का? 'हो' म्हटलं असतं तर दोष त्यांच्या गैरहुशारीवर गेला असता, आणि त्यांची पेन्शन जवळ आलेली. 'नाही' म्हटलं तर दत्तूने सरकारी अधिकाऱ्याला फसवलं असं ठरत होतं. 'आठवत नाही' हाही एक रस्ता होता. कचेरीत तो सर्रास वापरतात. आम्ही त्याचीच वाट बघत होतो.

"नाही साहेब," आबासाहेब म्हणाले. "दुसऱ्या चालीत म्हटलं होतं."

मी दत्तूच्या वडिलांना मराठीत काही सांगितलं नाही. त्यांना न सांगताच समजलं.

आठवड्याच्या आत दत्तूचं नाव शाळेतून गेलं. ज्या दिवशी ते कळलं त्या संध्याकाळी तो सरळ ओटीवर आला. मागोमाग आम्ही. आबासाहेब नुकतेच गाडीवरून येऊन पाय धूत होते.

"आबासाहेब, एक शब्द खोटा बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?"

"आणि तू एक चाल खरी म्हटली असतीस तर?"

"खरी म्हटली असती तर पास केली असतीत?"

आबासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. "नसती केली."

"मग?"

"मग तुला दुसरी दिली असती. तशीच ठसक्याची. माझ्याकडे काय चालींचा तोटा आहे?"

"मला तीच पाहिजे होती," दत्तू म्हणाला.

आबासाहेब पाय पुसत म्हणाले, "सरकारला तुम्ही फसवता हे मला काल कळलेलं नाही. फसवा. पण इतकी वर्षं मी एकच मागतोय, इथं खरं म्हणा. तुम्ही माझ्या कानाला फसवलंत." मग आवाज खाली आणून, "नाव काढतील असं नव्हतं वाटलं मला. ताकीद देतील म्हटलं. मी उद्या हेडमास्तरांकडे जातो."

"जा," दत्तू म्हणाला. "गाऊन दाखवा त्यांना."

ते गेले, हे मला माहीत आहे. हेडमास्तरांनी हुकूम दाखवला. मग आबासाहेबांनी दत्तूला निरोप धाडला की घरी येत जा, मी मॅट्रिकची तयारी करून घेतो, परीक्षेला बाहेरून बसवू. दत्तू आला नाही. तो एका नाटकमंडळीबरोबर निघून गेला, आणि दोन वर्षांनी ती मंडळी ठाण्याला आली तेव्हा चांगलं नाव मिळवून आला. मी आबासाहेबांना म्हटलं, चला, तिकिटं काढतो. त्यांनी मान हलवली. "ते पुस्तक आमच्याच कचेरीतून पास झालंय. त्यात काय आहे ते मला पाठ आहे."

पण मधे एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. चौकशीनंतर साहेबाने ती चालच बंद केली. कल्याणच्या हद्दीत रस्त्यावर ती कोणी म्हणू किंवा वाजवू नये. हुकूम निघाला, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की शिपायांना चाल ओळखता कशी यायची? शब्द असते तर लिहून देता आले असते. तेव्हा तर्जुमनिसांनी शिपायांना ती समजावून द्यावी असं ठरलं. संध्याकाळी चावडीच्या अंगणात शिपाई ओळीने बसले आणि आबासाहेब त्यांना बंदी घातलेली चाल शिकवू लागले.

"शब्द नकोत, नुसतं ना ना ना. हां, म्हणा. पाटील, तुम्ही वर जाताय, तिथं खाली यायचं."

हे ऐकायला निम्मं कल्याण चावडीबाहेर. फौजदार गर्दीला हाकलायचा आणि परत येऊन स्वतः ना ना ना करायचा. एका शिपायाने हात वर केला. "आबासाहेब, किरिस्तावांच्या लग्नात ही वाजली तर नवऱ्याला धरायचा का?"

"माझं काम ओळखायला शिकवायचं," आबासाहेब गंभीरपणे म्हणाले. "धरायचं तुमचं तुम्ही बघा."

महिनाभरात गस्तीचे शिपाई रात्रपाळीला जाता-येता तीच चाल गुणगुणायला लागले. गोड होतीच ती. पुढे साहेबाची बदली झाली, नव्या साहेबाने हुकूम पुन्हा काढला नाही, आणि तो तसाच विरून गेला. शिकवताना आबासाहेबांच्या मनात काय होतं हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "शिपायांचे सूर फार वाईट होते हो." मी बी. ए. झाल्यापासून ते मला अहो-जाहो करत. मला ते आवडायचं.

त्यानंतरची त्यांची नोकरीची वर्षं मी जवळून पाहिली, कारण मी कल्याणातच शाळेत शिक्षक झालो. मेळे ओटीवर येत राहिले. पण पोरं गायची ती वाचल्यासारखी. मान खाली, आवाज सपाट, संपलं की कागद पुढे. गाण्यांत कापण्यासारखं काही नसायचं. आबासाहेबांचं बोट गुडघ्यावर सुरू व्हायचं आणि धरायला काही न सापडून आपोआप बंद पडायचं. "अरे, जरा मोकळं म्हणा रे," ते म्हणायचे. "हो आबासाहेब," म्हणून पोरं पुन्हा तसंच म्हणायची. साहेबाने वर्षाच्या अहवालात लिहिलं की या तालुक्यातली गाणी फार सुधारली. त्या वाक्याचं मराठी मला आबासाहेबांनीच करून सांगितलं. आवाजात काहीच न आणता.

पेन्शन झाल्यावर ते रोज संध्याकाळी फिरायला निघत. शाळा सुटली की मीही बरोबर असे. एकदा गणपतीच्या आधी आम्ही तांबट आळीतून येत होतो. मोकळ्या पडवीत मेळ्याची तालीम चालली होती. नवी पोरं, माझ्याच वर्गातून गेलेली. लांबून पेटी आणि एक कोवळा, जोरकस आवाज ऐकू येत होता. आबासाहेब झपझप चालायला लागले. आम्ही पडवीसमोर पोचलो, आणि पेटीवरच्या जाणत्या मुलाने त्यांना पाहिलं. पेटी थांबली. गाणारा ओळीच्या मध्येच गप्प.

"थांबलात का रे? म्हणा," आबासाहेब म्हणाले. "मी आता कोणी नाही. पेन्शनीतला माणूस आहे."

"हो आबासाहेब. या, बसा ना."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. पेटीवाल्याने सूर बदलला, आणि सगळ्यांनी उभं राहून गणपतीची आरती सुरू केली. आरती चालू असताना बसता येत नाही. आबासाहेब हात जोडून शेवटच्या कडव्यापर्यंत उभे राहिले, जिथं टाळ्या वाजवायच्या तिथं वाजवल्या, "छान," म्हणाले आणि निघाले.

आळीच्या टोकाला वळलो आणि मागे पेटी पुन्हा सुरू झाली. तेच मघाचं पद, तोच कोवळा आवाज, आता पार मोकळा. शब्द नीट कळत नव्हते, पण चाल नवीन होती, मी तोवर कधी न ऐकलेली. मी बोलायला तोंड उघडलं. आबासाहेबांनी हाताने थांबवलं आणि भिंतीला एक हात लावून जोड्याशी वाकले.

"टाच निघाली वाटतं," म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं."

मी पुढे झालो नाही. सगळी कडवी संपेपर्यंत ते तसेच वाकून जोडा चाचपत राहिले. जोडा धड होता. मी पाहिला.